साळवेबाईंची हद्द

साळवेबाई कुणाच्याही दारात गेल्या की आधी आपल्याला काय काय करता येत नाही ते सांगत.

"मी साळवे. कोर्टानं पाठवलंय, पण मी पोलीस नाही. मला कुणाला पकडता येत नाही. घराची झडती घेता येत नाही. तुम्ही आत घेतलं तर येईन. नाही घेतलं तर इथूनच परत जाईन, आणि आत घेतलं नाही एवढंच कोर्टाला कळवीन."

सरकारी माणूस दारात उभा राहून स्वतःचे अधिकार कमी करून सांगतोय, हे लोकांनी कधी पाहिलेलं नसतं. तलाठ्यापासून वायरमनपर्यंत सगळे वाढवूनच सांगतात. त्यामुळे घरातली माणसं थोडा वेळ नुसती बघत राहायची आणि मग म्हणायची, "या की मग. चपला असू द्या."

मला हे पटायचं नाही. रांजणगावच्या कंपन्यांतल्या कंत्राटी पोरांसाठी मी काम करते, पत्रकं लिहिते, शिफ्ट सुटताना गेटवर वाटते. आमच्या पत्रकाची पहिली ओळ 'जाहीर निषेध' अशी असते आणि शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात 'अन्यथा' अशी. एखादा अधिकारी "हे मला करता येत नाही" म्हणाला की तो अंग काढून घेतोय असंच आम्ही धरून चालतो, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरं असतं. साळवेबाई उरलेल्यांतल्या होत्या.

त्या प्रोबेशन ऑफिसर. सरकारी कागदावर परिवीक्षा अधिकारी, लोकांच्या तोंडी 'प्रोबिशनवाल्या मॅडम'. गुन्हा शाबित झाला, पण माणूस पहिल्यांदाच अडकलाय, वय कमी आहे, गुन्हाही फार मोठा नाही, अशा वेळी कोर्ट त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर घरी सोडू शकतं. सोडावं की नाही हे ठरण्याआधी साळवेबाई त्याच्या घरी जाऊन यायच्या आणि अहवाल द्यायच्या. सोडल्यावर बाँडची मुदत संपेपर्यंत त्याच्याकडे जात राहायच्या. शिरूर आणि दौंड असे दोन तालुके, एक बाई आणि एसटी. या सरकारचा निषेध मी वेगळ्या पत्रकात केलेला आहे, इथं परत करत बसत नाही.

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी. राहायच्या शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात. त्यांची आजी बायबलबाई होती, म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना बायबल वाचून दाखवायची. बाई म्हणायच्या, "चालणं आजीचं घेतलं. पण आजी सांगायला जायची, मी विचारायला जाते." कामावर असताना त्यांच्या तोंडून धर्माचा शब्द मी कधी ऐकला नाही. रविवारी मात्र चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं आणि जरा बेसूर गायच्या, असं त्याच सांगायच्या.

न्हावऱ्यात एकदा एका म्हातारीनं त्यांचे बूट आणि पिशवी पाहून नातवाला उचलून आणलं आणि त्याचे गाल दाबून तोंड उघडलं.

"डोस माझ्याकडं नाही, आजी," बाई वाकून म्हणाल्या. "पण दात छान आलेत."

पुढं गेल्यावर मी हसले, तर त्या म्हणाल्या, "नर्स समजतात ते बरंच आहे. ज्याच्या घरी जायचं त्याच्या शेजाऱ्याला तेवढंच कळलं पाहिजे."

म्हणून त्या पोलिसांच्या गाडीवर कधी बसत नसत. ठाण्याचे एक हवालदार त्यांना उन्हात चालताना पाहून हमखास थांबायचे.

"बसा मागं, मॅडम. तिकडंच चाललोय."

"तुमच्या गाडीवरून उतरले तर त्या घराला परत एकदा शिक्षा होईल, हवालदार."

"मंग मरा उन्हात."

"पाणी आहे माझ्याकडं. तुम्हाला हवंय का?"

हवालदार पाणी पिऊन जायचे. असं कितीदा तरी झालं.

माझं एक पत्रक त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्यानं पूर्ण वाचलं होतं. आमचं पत्रक पूर्ण वाचणारा माणूस आम्हाला सहसा भेटत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"जोरदार आहे. यातलं 'मुजोर', 'निर्दयी' आणि 'रक्तपिपासू' काढलं तर काय उरतं?"

"राग उरतो," मी म्हणाले.

"मग तो राहू द्या. तो बरा आहे."

आणि पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते पिशवीत टाकलं. त्यांच्या अहवालात म्हणे विशेषण नसायचंच. 'मुलगा सुस्वभावी आहे' असं त्या लिहीत नसत. 'मी गेले तेव्हा तो आईच्या पायाला तेल लावत होता' असं लिहीत. 'म्हणे' म्हणते, कारण अहवाल त्यांनी मला कधी दाखवला नाही. तो बंद पाकिटात मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं जायचा. मी भांडून पाहिलं, चिडून पाहिलं. त्या म्हणायच्या, "त्यात दुसऱ्याच्या घरातलं आहे, ताई. माझं असतं तर दाखवलं असतं."

त्यांच्या मागे मी लागले ती किरणमुळे.

किरण कारेगावात खोली करून राहायचा. एका कंपनीत कंत्राटी हेल्पर. वय वीस. जेवणाच्या डब्यातून तांब्याच्या तारेचे तुकडे बाहेर नेताना गेटवर सापडला. शिरूरच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि साहेबांनी शिक्षा सांगण्याआधी साळवेबाईंचा अहवाल मागवला. किरणची आई भीमेच्या काठावर, न्हावऱ्याच्याही पुढं एका वस्तीवर राहायची. तिची परवानगी घेऊन मीही बाईंबरोबर गेले.

"लई गुणाचं लेकरू हाय, मॅडम," आईनं सुरुवात केली.

"गुण नंतर सांगा, मावशी. रागावला की काय करतो?"

"रागावतच न्हाई."

"मावशी, मीपण एक मुलगा वाढवलाय."

आई पहिल्यांदा हसली. "ताट सारून देतो. मंग रानात जाऊन बसतो. म्या बोलवायला जाईस्तोवर येत न्हाई."

"जाता तुम्ही?"

"जावंच लागतं की. न्हाई गेले तर तिथंच निजंल."

किरण कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, "तार का घेतलीस?"

"सगळेच न्हेत्यात."

"तू का घेतलीस?"

तो नख खायला लागला. मग म्हणाला, "घावणार न्हाई असं वाटलं."

"हे साहेबांनाही असंच सांग," बाई म्हणाल्या.

मी बाहेर आल्यावर भडकले. कंत्राटी पोराला ना नोकरीची खात्री ना माणसाची वागणूक, आणि त्यानं सांगायचं काय, तर घावणार नाही असं वाटलं. बाई शांतपणे बुटातला खडा काढत होत्या. "तुमचं सगळं बरोबर आहे. ते तुम्ही लिहा. त्यानं सांगितलं ते मी लिहिते."

किरण सुटला. आईजवळ राहायचं, शिरूर तालुक्याबाहेर राहायला जायचं नाही, बाईंना भेटत राहायचं, अशा अटी होत्या. आणि एक जामीनदार. तो लगेच मिळाला. वस्तीजवळचे एक मोठे बागायतदार, ऊस, कांदा, दुधाचा गोठा. सगळे त्यांना आबा म्हणत. किरणची आई त्यांच्याच रानात कामाला. मला तेव्हा आबा देवमाणूस वाटले होते.

कंपनीनं किरणला परत घेतलं नाही. अशा सुटलेल्या माणसाला शिक्षेचा डाग लावून अपात्र ठरवू नये असं कायद्यात आहे म्हणतात. पण गेटवरच्या सिक्युरिटीला कायदा कोण वाचून दाखवणार? किरण आबांच्या गोठ्यात शेण काढायला लागला. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. काही बोललं की आबा म्हणायचे, "बाहेर कुणामुळं हायेस, ध्यानात ठेव."

मग एक दिवस आबाच कोर्टाच्या आवारात आले. बाई चिंचेखालच्या बाकावर बसल्या होत्या, हवालदार शेजारी उभे होते.

"मॅडम, तुमचं पाखरू उडालं."

"कोण? कुठं?"

"किरण्या. भीमापल्याड. दौंडच्या हद्दीत गुऱ्हाळावर ऱ्हातोय. कोर्टानं तालुका सोडू नको म्हणलंय ना? मोडला का न्हाई त्यानं बाँड? टाका आत."

"मला आत टाकता येत नाही, आबा."

"मंग आणून द्या माघारी. जामीन म्या ऱ्हायलोय. गोठा कोण बघणार?"

"तुम्ही त्याच्या वागण्याला जामीन राहिलात. गोठ्याला नाही. गोठा बाँडमध्ये नाही, आबा."

हवालदारांनी टोपी सारखी केली. "मॅडम, तुम्ही नुसतं म्हणा. दुपारच्या आत उचलून आणतो."

"वॉरंट आहे?"

"वॉरंट कशाला? तुमचं तोंडी बास."

"माझ्या तोंडी सांगण्यावरून कुणाला उचलता येत नाही. आणि तुम्ही उचललंत तर तेही मला लिहावं लागेल."

हवालदार मला म्हणाले, "बघा ताई, आम्ही मदत करायची म्हणलं तरी असं हाय." मला त्या वेळी बाईंचा भयंकर अभिमान वाटला. तो समोरच्या टपरीपर्यंत टिकला.

टपरीवर मी त्यांना सांगितलं, तुम्ही लिहून टाका की किरण घरीच आहे. आबा त्याला वेठबिगारासारखा राबवत होते, तो निसटला, चांगलं झालं. तपासायला कोण जाणार आहे?

"पण तो घरी नाही."

"बाई, इथं न्याय कुणाच्या बाजूला आहे ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. आज तुमच्यासाठी खोटं लिहिलं तर उद्या आबांसाठी लिहायला मला कोण अडवणार? साहेब माझ्या कागदावर विश्वास ठेवून पोरं घरी सोडतात. तो विश्वास गेला की सगळी आत जातील, ताई."

मी चहा तसाच ठेवून उठले. थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं, तर त्या माझाही चहा पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या गुऱ्हाळावर निघाल्या. मला बोलावलं नव्हतं, तरी मी एसटीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा केली, एवढंच.

भीमेचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर ते गुऱ्हाळ. धुराडं, उसाच्या चिपाडांचे ढीग, कढईत रटरटणारा रस, आणि उघड्या अंगानं काम करणारे उत्तर प्रदेशातले भय्ये. किरण चुलवणात चिपाडं ढकलत होता. बाईंना पाहिलं आणि हातातली चिपाडं टाकून तो ढिगामागं गेला.

बाईंनी मालकाला विचारलं, थोडा वेळ बसू का?

"बसा की. काय केलंय का पोरानं?"

"ओळखीचा आहे माझ्या."

मालकानं स्टीलच्या वाट्यांतून गरम काकवी दिली. बाई खाटेवर बसल्या. ढिगाकडं बघितलंही नाही. मी म्हणाले, जाऊन बोलावते. त्या म्हणाल्या, "नको. यायला लावायचं नाही, यायला जागा ठेवायची." कढई उतरली, गूळ निवायला वाफ्यात ओतला, भय्ये तोंड धुवायला गेले, तेव्हा किरण आला आणि खाटेपासून लांब उकिडवा बसला.

"पळून न्हाई आलो, मॅडम. पल्याड तर हाय. आमच्या दारातनं ह्ये धुराडं दिसतं. आई सकाळी हितनं धूर निघाला का न्हाई बघती."

"हो. पण तालुक्याची हद्द नदीत आहे."

"पाण्यात?"

"पाण्यात."

तो नदीकडं बघत राहिला. लहानपणापासून पोहून ऐलपैल केलेली नदी.

"आबाच्या गोठ्यात म्या जाणार न्हाई."

"जाऊ नको. तिथं जा असं सांगायचा अधिकार आबांना नाही आणि मलाही नाही."

"मंग?"

"मी कोर्टाला दोन्ही लिहिणार. अट मोडलीस ते, आणि अट बदलून तुला इथं राहू द्यावं असा अर्ज. असा अर्ज मला करता येतो. पण तू समोर पाहिजेस. सोमवारी."

"आन् साहेबांनी आत घातलं तर?"

"घालू शकतात."

"बाई, धीर तरी द्या त्याला," मी मध्येच बोलले.

"तो धीर नाही, थाप होईल." मग किरणकडं वळून त्या म्हणाल्या, "मी तिथं असेन. तुझ्या बाजूनं नाही, आबांच्या बाजूनंही नाही. पण असेन."

येतो म्हणून तो म्हणाला नाही. निघताना बाईंनी भय्यांतल्या वयस्कर माणसाला सांगितलं, "सोमवार को इसको छुट्टी देना, भैया." त्यानं मान हलवली. परतताना त्या किरणच्या आईकडं उतरल्या, सोमवारची तारीख सांगितली आणि दुसरं काहीही सांगितलं नाही.

एसटीत मी विचारलं, "येईल?"

"माहीत नाही."

"मग आता काय करायचं?"

"करता येण्यासारखं झालं. रविवारी नाव न घेता प्रार्थना करीन." खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "तेवढंच अधिकाराबाहेरचं."

सोमवारी सकाळी पुकारा झाला. किरण नव्हता. त्याची आईही नव्हती, आणि मला तिचा फार राग आला. साहेब म्हणाले, दुपारी परत पुकारा, नाही आला तर वॉरंट काढू. आबा व्हरांड्यात पाय पसरून बसले होते. बाई खिडकीशी उभ्या होत्या. जेवायच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी पहिल्यांदा त्यांना असं काही अर्धवट सोडताना पाहिलं.

दुपारचं काम सुरू व्हायच्या जरा आधी आवारात एक पिकअप शिरली. गुऱ्हाळाचा मालक चालवत होता. मागच्या हौद्यातून आधी किरणची आई उतरली, मग किरण. आई सकाळी कोर्टात येण्याऐवजी पुलावरून चालत गुऱ्हाळावर गेली होती. बोलवायला.

आत आबांनी हात जोडून सांगितलं की मी जामीन राहायला तयार नाही. साहेबांनी किरणला विचारलं, दुसरा कोण? गुऱ्हाळवाला पुढं झाला. "म्या ऱ्हातो, साहेब. तारेचं त्यानं मला गाडीत सांगितलं. चुलवणाशी जागा ऱ्हातो एवढं म्या बघितलंय. बाकीचं मला म्हाईत न्हाई."

साहेबांनी बाईंचा कागद वाचला. किरणला विचारलं, न विचारता का गेलास? तो म्हणाला, "हद्द पाण्यात हाय हे म्हाईत नव्हतं, साहेब. आन् विचारलं असतं तर न्हाई म्हणतील असं वाटलं." साहेबांनी त्याला चांगलंच सुनावलं. परत असं झालं तर मूळ शिक्षा भोगशील, म्हणाले. मग अट बदलली. दौंड तालुका.

बाहेर आल्यावर मला घोषणा द्यावीशी वाटत होती. बाई मात्र आबांशेजारी जाऊन बसल्या आणि दोन चहा सांगितले.

"कुणाच्या हो तुम्ही नेमक्या?" आबांनी विचारलं.

"कोर्टाच्या. साखर कमी ना तुम्हाला?"

नंतर मी त्यांना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "उद्या त्या मावशीला त्याच रानात कामाला जायचंय." आबांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे.

किरणच्या बाँडची मुदत संपली त्या दिवशी मी गुऱ्हाळावर होते. तोवर तो गूळ उतरवायला शिकला होता, लोक त्याला गुळव्या म्हणायला लागले होते. बाई म्हणाल्या, "झालं. आजपासून मला तुझ्याकडं यायचा अधिकार नाही. वाटेत कुठं दिसलास तर मी ओळख देणार नाही. मनाला लावून घेऊ नको. बरोबरचे लोक विचारतात, ह्या कोण."

किरण हातावरची काकवी पुसत राहिला. "काम पडलं तर?"

"आता माणसं आहेत की तुझ्याकडं."

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, बाई निवृत्त व्हायच्या जरा आधी, दौंडच्या आठवडे बाजारात मी पत्रकं वाटत होते. त्या कुणाच्या तरी घरून परतत होत्या, माझ्याजवळ थांबल्या. तेवढ्यात गर्दीतून किरण आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, शेजारी हिरव्या साडीतली बायको. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि शेजारी पाहिलं, तर बाई जागेवर नव्हत्या. भाजीवालीसमोर त्या दोघांकडं पाठ करून वाकल्या होत्या आणि मेथीच्या जुड्या एकेक उचलून बघत होत्या. इतक्या मन लावून की भाजीवाली म्हणाली, "मावशी, समद्या सारख्याच हायत."

किरण आणि त्याची बायको पुढं गेली. मग तो थांबला, बायकोला काहीतरी बोलला आणि दोघं मागं आली.

"मॅडम."

बाई वळल्या नाहीत.

"साळवे मॅडम."

त्या वळल्या. चेहऱ्यावर अनोळखी माणसाला दाखवतात ती सभ्यता. "आपण?"

"ह्या त्या," किरण बायकोला म्हणाला.

"कोर्टातल्या?"

बाईंनी झटकन आजूबाजूला बघितलं. बायकोनं पदर सावरला. "सांगितलंय मला ह्यांनी. सोयरीक ठरायच्या आधीच. माझ्या वडलांनाबी सांगितलं." आणि ती पाया पडायला वाकली. बाईंनी तिला मध्येच दंडाला धरून उभं केलं आणि मग तो दंड सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. गावोगावच्या दारांत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या बाईंना एक प्रश्न सुचत नव्हता.

"चला की घरी," बायको म्हणाली. "हितं स्टेशनाच्या मागंच खोली हाय. चहा घ्या, मंग जावा."

"माझी गाडी..." बाई म्हणाल्या. कुणी ते ऐकलं नाही, आणि त्यांनीही वाक्य पुरं केलं नाही.

बायकोनं त्यांची काळी पिशवी आपल्या खांद्याला लावली. किरण पुढं होऊन गर्दीतून वाट करत होता. त्या दोघांच्या मधून बाई चालल्या होत्या, माझा निरोप न घेता, हातात मेथीची जुडी तशीच. भाजीवाली हाक मारायच्या आत मी तिचे पैसे देऊन टाकले.